भिंतीआडचे हात

‘स्वयंसेवक’ हा शब्द आपल्या भाषेत राष्ट्रीय चळवळीच्या दिवसांत रुळला. आपखुशीने आणि मोबदल्याची अपेक्षा न ठेवता जो दुसऱ्याची सेवा करतो तो स्वयंसेवक, असा त्याचा सर्वमान्य अर्थ. ‘स्वयंसेवा’ हा त्याच घराण्यातला शब्द मात्र उपाहारगृहांच्या पाट्यांवरून आपल्या परिचयाचा झाला, आणि त्याचा अर्थ निराळाच निघाला. ज्याने पैसे मोजले त्यानेच आपली बशी उचलावी, पाणीही आपले आपण घ्यावे आणि उष्टी भांडी नेऊन ठेवावीत, असा तो अर्थ आहे. अलीकडे त्यात एका यंत्राची भर पडली आहे. मोठ्या शहरांतील उपाहारगृहांत, चित्रपटगृहांत आणि विमानतळांवर माणसाच्या उंचीचे काचेचे फलक उभे असतात. गिऱ्हाइकाने त्यावर बोट टेकवून मागणी नोंदवावी, पैसे भरावेत आणि आपला क्रमांक लागेपर्यंत वाट पाहावी. गल्ल्यामागे पूर्वी जो माणूस बसत असे तो तेथे दिसत नाही.

तो माणूस कोठे गेला, हा प्रश्न आजचा वाटतो. परंतु त्याचे वय सव्वाशे वर्षांच्या घरात आहे. त्या सव्वाशे वर्षांचा इतिहास नीट चाळला म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. यंत्र आल्याने काम सहसा संपत नाही. नोकरी मात्र संपते. काम आणि नोकरी या दोहोंतील भेद व्यवहारात आपण फारसा मानीत नाही. कायद्याला मात्र तो मानावाच लागतो, आणि म्हणूनच एका वकिलाने या विषयात लक्ष घालणे अगदीच अप्रस्तुत ठरू नये.

९ जून १९०२ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात जोसेफ हॉर्न आणि फ्रँक हार्डार्ट या दोन भागीदारांनी ‘ऑटोमॅट’ नावाचे उपाहारगृह उघडले. त्याची यंत्रसामग्री जर्मनीतून आणलेली होती. आत शिरणाऱ्याला समोर एक भिंत दिसे आणि त्या भिंतीत काचेची दारे असलेले लहान लहान कप्पे असत. एका कप्प्यात पावाचा तुकडा, दुसऱ्यात भाजी, तिसऱ्यात गोड पदार्थ. पाच सेंटचे नाणे, ज्याला तेथे निकेल म्हणतात, ते खाचेत टाकून मूठ फिरविली की दार उघडे. कॉफी तर माशाच्या तोंडासारख्या सुबक तोटीतून मोजून पेल्यात पडे. १९१२ साली न्यूयॉर्कच्या टाइम्स चौकात हा प्रयोग गेला आणि त्या शहराने तो आपलासा केला. वाढपी नाही, बक्षिशीची भीड नाही, आणि कोण किती वेळ बसला आहे हे पाहणारे कोणी नाही. यामुळे टंकलेखिका, बेकार कलावंत आणि धनिक एकाच टेबलाशी बसू लागले. १९३० नंतरच्या मंदीत तर गरम पाण्यात टोमॅटोची चटणी कालवून फुकटचे सार करणाऱ्यांचाही तेथे निभाव लागत असे. यंत्राने गरिबाची काहीच सोय केली नाही, असे म्हणणे या इतिहासाला धरून होणार नाही.

पण त्या भिंतीच्या पलीकडे काय होते? कप्प्यांच्या मागे फिरते उभे पिंप बसविलेले असे. पुढून एक बशी निघाली की मागे उभी असलेली बाई तेथे दुसरी ठेवी. पदार्थ शहरातील मध्यवर्ती स्वयंपाकघरात शिजत आणि गाड्यांतून दुकानोदुकानी पोहोचत. नोटांची मोड करून देण्यासाठी काचेच्या खोक्यात बसलेल्या स्त्रिया असत. बोटांवर रबरी टोपणे चढवून त्या नाणी अशा सफाईने सरकवीत, की लोकांनी त्यांना ‘निकेल फेकणाऱ्या’ असेच नाव दिले. उष्टी काढणारी, टेबले पुसणारी माणसे निराळीच. म्हणजे ज्याला लोक माणसाविना चाललेले उपाहारगृह म्हणत होते, ते चालत होते माणसांवरच. त्यातली पुष्कळशी माणसे फक्त नजरेआड केली होती. वाढप्याला गिऱ्हाईक पाहते, त्याची विचारपूस करते, प्रसंगी त्याच्या बाजूने मालकाशी बोलते. भिंतीआडच्या हाताला असा साक्षीदार नसतो.

काम नजरेआड लोटण्याची ही एक रीत झाली. दुसरी रीत चौदा वर्षांनी मेम्फिस शहरात निघाली. तोवर अमेरिकेतही वाणसामानाचे दुकान आपल्याकडच्या जुन्या दुकानासारखेच होते : गिऱ्हाइकाने यादी सांगावी आणि गल्ल्यामागच्या नोकराने एकेक जिन्नस काढून, तोलून, बांधून द्यावा. १९१६ साली क्लॅरेन्स साँडर्स याने ‘पिगली विगली’ या चमत्कारिक नावाचे दुकान काढून गिऱ्हाइकाच्या हाती टोपली दिली आणि त्याला फडताळांमधून हिंडावयास लावले. १९१७ साली त्याने या रचनेचे एकस्वही मिळविले. नोकराचे काम तसूभरही कमी झाले नव्हते. ते गिऱ्हाइकाच्या अंगावर आले होते, आणि स्वस्ताईच्या आनंदात त्याला त्याचा भार जाणवला नाही. याच साँडर्सने पुढे १९३७ साली सर्व काही यंत्राने हाती देणारे दुकान काढून पाहिले. गर्दीच्या वेळी ती यंत्रणा कोलमडे, आणि १९४९ साली त्याला तो नाद सोडावा लागला. गिऱ्हाइकाचे फुकटचे श्रम यंत्रापेक्षा बिनचूक ठरले, असाच याचा अर्थ लावावा लागतो.

१९४८ साली कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो येथे मॅकडोनाल्ड बंधूंनी हाच धडा उपाहारगृहाला लावला. त्यांच्याकडे मोटारीपाशी जाऊन खाणे पोहोचविणाऱ्या मुली होत्या. दुकान काही महिने बंद ठेवून बंधूंनी त्या सर्वांना निरोप दिला, चिनी मातीच्या बशांऐवजी कागदी वेष्टने आणली, आणि गिऱ्हाइकाने खिडकीशी येऊन आपले खाणे आपण न्यावे असा नियम केला. हॅम्बर्गरची किंमत तीस सेंटवरून पंधरावर आली. एक खाणे स्वस्त होण्यासाठी कोणाचे वेतन बंद झाले, हे त्या पंधरा सेंटच्या फलकावर कोठेही लिहिलेले नव्हते.

येथे इतिहास एक विलक्षण वळण घेतो. यंत्र आले की माणूस हटतो, आणि एकदा हटला की परतत नाही, असे आपण गृहीत धरतो. ऑटोमॅटचे तसे झाले नाही. त्याचे यंत्र नाण्यावर चाले, आणि महागाईने नाण्याला काही किंमत उरली नाही. १९५० साली कॉफी पाच सेंटवरून दहावर न्यावी लागली, आणि पुढे पदार्थागणिक मूठभर नाणी लागू लागली. १९७० नंतरच्या दशकात त्या कंपनीने आपल्या अनेक जागांत ‘बर्गर किंग’ची दुकाने थाटली. जेथे काचेची भिंत होती तेथे गल्ला आला, आणि गल्ल्यामागे कमी वेतनावरचा हसतमुख माणूस उभा राहिला. शेवटचे ऑटोमॅट १९९१ च्या एप्रिलमध्ये बंद झाले. पुढे पंचवीस-तीस वर्षांत त्याच प्रकारच्या दुकानांत काचेचे फलक आले आणि गल्ल्यामागचा माणूस पुन्हा मागे सरकला. यंत्र आणि माणूस यांची ही अदलाबदल प्रगतीच्या कोणत्याही नियमाने झालेली नाही. ज्या वेळी जे स्वस्त पडले ते ठेवले, एवढाच तिचा हिशेब आहे. म्हणूनच ‘काळाची गरज’ हे उत्तर ऐकताच कायद्याच्या अभ्यासकाने प्रतिप्रश्न करावा : कोणाची गरज, आणि तिचे मोल कोणी द्यावयाचे?

काही कायदेमंडळांनी हा प्रश्न आडवळणाने हाताळला. न्यू जर्सी राज्यात १९४९ साली गिऱ्हाइकाने स्वतः पेट्रोल भरण्यास कायद्याने मनाई झाली. कारण दिले होते आगीच्या धोक्याचे, आणि १९५१ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते ग्राह्य धरले. परंतु या बंदीने पहिले संरक्षण मिळाले ते स्वस्त दराच्या स्वयंसेवा पंपांशी स्पर्धा करावी लागणाऱ्या पंपमालकांना. पंपावरच्या नोकराची बाजू घेऊन त्या कायद्याचे समर्थन होऊ लागले ते पुढे. ऑरेगॉन राज्याने १९५१ साली अशीच बंदी घातली. ती २०२३ साली सैल झाली. न्यू जर्सीची बंदी टिकून आहे. नोकराचे हित अन्य हेतूंच्या पदराआड लपून कायद्यात शिरले, याचे हे उदाहरण आहे. उघडपणे, स्वतःच्या नावाने, त्याला तेथे क्वचितच प्रवेश मिळतो.

आपल्या देशात तो प्रवेश निदान कागदावर मिळालेला आहे. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ यात १९५३ साली झालेल्या दुरुस्तीने, कपात झालेल्या कामगाराला नोकरीच्या प्रत्येक पुऱ्या वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई ठरली. १९५६ च्या दुरुस्तीने, कामगार कपात होण्याचा संभव आहे असा बदल यंत्रात वा तंत्रात करण्यापूर्वी कामगारांना एकवीस दिवसांची सूचना देणे आवश्यक झाले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहिता, २०२० हिने घेतली. ही तत्त्वे तिनेही राखली असून, कपात झालेल्या कामगाराला नवे कौशल्य शिकता यावे म्हणून मालकाच्या वर्गणीतून निधीची तरतूद केली आहे.

या तरतुदींचा उपयोग कोणाला झाला? आयुर्विमा महामंडळात संगणक आणण्यावरून १९६० नंतरच्या दशकात कलकत्त्यास मोठा लढा झाला. १९६९ साली केंद्र सरकारने पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली स्वयंचलनाविषयी समिती नेमली आणि तिचा अहवाल १९७२ साली आला. बँकांतील यंत्रांविषयी संघटना आणि व्यवस्थापन यांच्यात १९८३ साली करार झाला. हे सर्व कारकून होते. त्यांच्या संघटना होत्या, त्यांचे म्हणणे वर्तमानपत्रांत छापून येई. बेळगावच्या किंवा मडगावच्या उपाहारगृहात टेबल पुसणाऱ्याची अशी कोणतीही समिती बसली नाही. शिवाय कायदा भरपाई देतो ती काढून टाकलेल्याला. ज्याची जागा पुन्हा भरलीच नाही, ज्याला कधी नेमलेच नाही, त्याची तक्रार ऐकण्याचे कोणत्याही न्यायालयाला कारण नाही. कारण कायद्याच्या दृष्टीने तो माणूस अस्तित्वातच आलेला नाही. आणि यंत्राच्या योगाने जाणाऱ्या नोकऱ्यांपैकी बहुतेक अशाच, जागा न भरल्याने, निमूटपणे जातात.

मुंबईच्या उपनगरी रेल्वेस्थानकांवरील तिकीटयंत्रांचे उदाहरण या दृष्टीने मोठे बोलके आहे. प्रवाशाने आपले तिकीट आपण काढावे म्हणून ती बसविली गेली. घाईच्या प्रवाशांना ते जमेना, तेव्हा निवृत्त रेल्वे कर्मचारी मदतनीस म्हणून यंत्रापाशी उभे करण्यात आले. ते गावाचे नाव विचारतात, बटणे दाबतात आणि तिकीट हाती देतात. विक्रीवरची ठरावीक टक्केवारी हीच त्यांची प्राप्ती. खिडकीआड बसणारा कारकून याहून निराळे काय करीत होता? काम तेच, प्रवासी तोच, कित्येकदा माणूसही त्याच खात्यातला. गेले ते वेतन, रजा, आणि अन्याय झाल्यास दाद मागण्याची जागा. माझे म्हणणे इतक्या स्वच्छपणे सांगणारा दुसरा पुरावा मला ठाऊक नाही.

आणि ऑटोमॅटची भिंत? ती आता समुद्रापलीकडे गेली आहे. अमेझॉन कंपनीने अशी दुकाने काढली होती, की गिऱ्हाइकाने वस्तू उचलून चालू लागावे. वर बसविलेले कॅमेरे पाहून हिशेब करतील. २०२४ साली कंपनीने अमेरिकेतील आपल्या मोठ्या किराणा दुकानांतून ही पद्धत काढून घेण्याचे ठरविले. तिच्यामागे भारतात बसलेली सुमारे हजार माणसे चित्रे पाहून व्यवहार तपासीत होती, असे वृत्त त्या सुमारास प्रसिद्ध झाले. त्या वृत्तातील वर्णन कंपनीने चुकीचे ठरविले. तथापि यंत्राला शिकविण्यासाठी आणि काही थोड्या व्यवहारांची खात्री करून घेण्यासाठी माणसे आहेत, हे तिनेही नाकारले नाही. संख्येचा वाद बाजूला ठेवला, तरी भिंतीपुढे एका देशाचे गिऱ्हाईक आणि भिंतीमागे दुसऱ्या देशाचे हात, ही रचना उरतेच.

यंत्रे मोडावीत किंवा न्यू जर्सीप्रमाणे बंदी घालावी, असे सुचविण्याचा हेतू नाही. ऑटोमॅटने गरिबाला मानाने बसू दिले, ही गोष्ट विसरता येत नाही. मागणी एवढीच आहे, की कायद्याने नोकरीचा शिक्का पाहून थांबू नये. काम कोठे चालले आहे आणि ते कोण करीत आहे, याचा शोध घ्यावा. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिने, रूढ अर्थाने ज्यांचा कोणी मालक नाही अशा ‘गिग’ आणि ‘प्लॅटफॉर्म’ कामगारांना प्रथमच नाव दिले आहे. नाव मिळणे ही कायद्यात लहान गोष्ट नव्हे. ज्याला नाव नाही त्याला अर्जही करता येत नाही. पुढची पायरी म्हणजे यंत्रापाशी उभा असलेला आणि यंत्रामागे बसलेला, या दोघांनाही त्या नावाखाली आणणे. ती कायदेमंडळाने आपण होऊन चढावी, की एखाद्या मदतनिसाने न्यायालयात अर्ज करून चढावयास लावावी, हे येत्या काही वर्षांत ठरेल. तो अर्ज कोणीतरी लिहून दिला पाहिजे, आणि ते काम वकिलांचे आहे.