चिंधीची साक्ष

पुण्यात, कसबा पेठेतल्या तांबट आळीत घडलेलं स्वयंपाकाचं तांब्याचं पातेलं घरात गेलं की ते दोन निराळ्या नियमांनी घासलं जाई. बाहेरून चिंच, राख, नारळाची शेंडी, काय हवं ते चालायचं. तिथली चकाकी खुद्द तांब्याची होती. एक पापुद्रा निघाला तरी खाली तेच तांबं, आणि ठोकून ठोकून घट्ट केलेला, मठारकामाचा पत्रा झिजून संपायला पिढ्या लागत. आतला नियम वेगळा होता. आत कथलाचा पातळ थर होता, म्हणजे कल्हई. त्या थरामुळे आमटीतली चिंच आणि भांड्यातलं ताक तांब्याला शिवत नसे. तो गेला की पदार्थ कळकायचा, म्हणजे तांबं उतरून त्याची चव बिघडायची. या अनुभवासाठी मराठीला ‘कळकणं’ असं स्वतंत्र क्रियापद लागलं, यावरून तो किती घरोघरचा होता ते कळतं. म्हणून आतून हलक्या हाताने घासायचं. एकाच भांड्यावर दोन चकाक्या: एक घासून वाढणारी, दुसरी घासून संपणारी. त्यांतला फरक ओळखणं हे पुण्याच्या स्वयंपाकघरातलं रोजचं ज्ञान होतं. आज याच शहरात मोटारींच्या रंगावर गरगर फिरणारं बफिंग मशीन ज्या आत्मविश्वासाने चालवलं जातं, तो पाहता हे ज्ञान भांड्यांकडून गाड्यांकडे पोचलं नाही असं मला वाटतं. ते का पोचलं नाही, याचं उत्तर झिलईच्या धंद्याच्या इतिहासात सापडतं.

कल्हईची रीत आधी नीट पाहायला हवी. भांडं घासून स्वच्छ करायचं, भात्याने फुललेल्या कोळशावर तापवायचं, नवसागराची पूड टाकायची. पांढऱ्या धुराचा लोट उठतो आणि तांब्यावरचा गंज सुटतो. मग कथलाची कांडी टेकवली की कथील पातळ होतं, कारण ते 232 अंश सेल्सिअसलाच वितळतं, आणि कापसाच्या बोळ्याने ते झरझर सगळीकडे पसरतं. 1885 साली छापलेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरने तांब्यापितळेचं काम शहराच्या मोठ्या धंद्यांत धरलं आहे, आणि एवढी भांडी जिथे, तिथे कल्हईवाल्याची फेरी ओघानेच आली. या कामात थर झिजणं कुणाला अपघात वाटत नसे. थर झिजण्यासाठीच होता. झिजला की आतून तांब्याचा लालसर डाग डोळ्यांना दिसे आणि कल्हईवाल्याची हाक ऐकू येताच भांडं बाहेर निघे. नवं कथील जुन्या कथलात वितळून एकजीव होई, जोड राहत नसे. म्हणजे इशारा भांडंच देई, आणि दुरुस्ती स्वस्त व पूर्ण होती. मराठीत ‘मुलामा’ या शब्दाला फसवणुकीचा वास आहे, कल्हईला तो कधी आला नाही. तिच्या पातळपणाची सगळ्यांना कल्पना होती, हे त्याचं कारण असावं.

मोटारीच्या रंगाची सुरुवातही याच वळणाची होती. सुरुवातीच्या गाड्यांना बग्गीसारखे व्हार्निशचे हात मारत आणि ते सुकायला आठवडे लागत. 1924 साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या ओकलंड गाडीवर ड्यू पाँट कंपनीचा ‘ड्युको’ आला आणि हे काम तासांवर आलं. आपल्याकडे सुतार अजून कपाटाला ‘ड्युको’ मारतात, तो शब्द त्या डब्यातून आलेला आहे. हा नायट्रोसेल्युलोजचा रंग होता. फवारल्यावर त्याला घासूनच झिलई आणावी लागे, आणि नव्या हातातलं द्रावण जुना हात थोडा विरघळवून त्यात मिसळून जाई, कथलासारखंच. पुढे एनॅमल रंग आले. ॲम्बॅसेडर आणि फियाटची म्हणजे पद्मिनीची जी पिढी पुण्याच्या रस्त्यांवर दिसे, तिच्यावर रंग आणि चकाकी एकाच थरात असायची. उन्हाने वरचा भाग निस्तेज, खडूसारखा व्हायचा. मग कंपाउंड लावून घासलं की मेलेला रंग निघे आणि खालचा ताजा रंग वर येई. काळी गाडी असेल तर चिंधी काळी, हिरवी असेल तर हिरवी. चिंधीला रंग लागणं ही काम नीट चालल्याची खूण होती, आणि किती जातंय याचा अंदाज त्या खुणेवरूनच कारागीर बांधत असे. दसऱ्याला गाडी धुऊन, चमकवून, झेंडूची माळ घालून तिची पूजा करायची आपली प्रथा याच रंगांच्या काळात मुरली. जोरात घासलं म्हणजे गाडीची निगा राखली, ही समजूत त्या काळी खरीच होती.

बदलला तो रंग. ऐंशीच्या दशकात जगभरच्या कारखान्यांत दोन थरांची पद्धत रुळली: खाली रंगाचा पातळ थर आणि वर रंगहीन क्लिअर कोट. चंदेरी मेटॅलिक छटांना तर त्याची विशेष गरज होती, कारण त्यांतल्या ॲल्युमिनियमच्या चकत्या उघड्या ठेवणं बरं नसतं. पुण्यातही ही पद्धत पोचली: टेल्कोच्या म्हणजे आताच्या टाटा मोटर्सच्या इथल्या कारखान्यातून 1998 च्या अखेरीस इंडिका ही मोटार आली, पुढे चाकणला परदेशी कंपन्यांचे कारखाने उभे राहिले. पत्र्यावरचा हा पारदर्शक थर साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा असतो, डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. ऊन अडवणारी द्रव्यं त्यातच असतात, खालच्या रंगाला स्वतःचं संरक्षण जवळपास नसतं. आणि इथेच चिंधीची साक्ष उलटली. क्लिअर कोट घासताना मशीनच्या पॅडला रंग लागत नाही, नुसती पांढुरकी कणी दिसते. अर्धा मायक्रॉन गेला की दहा गेले, डोळ्याला फरक नाही. उलट चकाकी वाढतच जाते. पॅडवर गाडीचा रंग उमटू लागला, तर तोवर क्लिअर कोट संपलेला असतो. जी खूण वडिलांच्या पिढीत ‘काम चाललंय’ असं सांगत होती, तीच मुलाच्या पिढीत ‘काम बिघडलं’ असं सांगते. खूण तीच राहिल्यामुळे अर्थ फिरल्याचं उमगायला वेळ लागतो. बॉनेटच्या कडा, दारावरच्या उठावदार रेघा इथे धोका दुप्पट, कारण फवारलेला रंग कडेवरून ओसरून आधीच पातळ झालेला असतो आणि फिरत्या पॅडचा सगळा दाब नेमका त्या टोकावर येतो. उष्णताही तिथेच साठते.

यावर कुणी म्हणेल की आता जाडी मोजायचं यंत्र मिळतं. मिळतं, आणि ते प्रत्येक बफिंगवाल्याकडे असावं. पण नेहमीचं यंत्र पत्र्यापासून वरपर्यंतची एकूण जाडी सांगतं. त्यात प्रायमर किती, रंग किती, क्लिअर किती हे ते सांगत नाही. एकदा ठोकून लांबी (पुट्टी) भरलेल्या दारावर आकडा भरपूर येतो आणि क्लिअर कोट मात्र तेवढाच असतो. प्लॅस्टिकच्या बंपरवर तर ते चालतच नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कल्हईचं कौतुक कशाला, तिथेही तांबं उघडं पडल्यावरच कळायचं, आणि कथलात शिसं मिसळणारे होतेच. हे मान्य करायला हवं. शिशाची भेसळ डोळ्यांना दिसत नसे, आणि फेरीवाला वेळेवर आला नाही तर लोक कळकलेलं अन्न खात. स्टीलची भांडी आल्यावर घरांनी कल्हई सोडली यात त्यांचं काही चुकलं नाही. माझा मुद्दा एवढाच की कल्हईत इशाऱ्यानंतरही वाट उरत होती. क्लिअर कोट रासायनिक बंधांनी घट्ट झालेला असतो, तो कथलासारखा वितळत नाही आणि ड्युकोसारखा विरघळतही नाही. नवा हात त्यात मिसळत नाही, वर नुसता बसतो. म्हणून रुपयाएवढ्या डागासाठी बहुतेक वेळा अख्खं बॉनेट पुन्हा रंगवावं लागतं, आणि कारखान्याच्या भट्टीत पक्का झालेला थर कायमचा जातो. वर सिरॅमिक कोटिंग लावून गेलेली जाडी भरून निघते, असंही सांगतात. ते कोटिंग एखाद-दोन मायक्रॉनचं. पाणी आणि मळ ते दूर ठेवतं, पण संपलेल्या क्लिअर कोटची जागा घेत नाही. क्लिअर कोट जुन्या रंगापेक्षा कितीतरी टिकाऊ आहे हेही खरंच. मात्र या टिकाऊपणामुळेच त्याला दर सहा महिन्यांनी घासायची गरज उरलेली नाही. पुण्याच्या बोअरच्या पाण्याचे क्षाराचे डाग आणि धुळीच्या फडक्याने उठलेले बारीक चरे पुसायला आधी सर्वांत सौम्य पॉलिश, एका कोपऱ्यात करून पाहिलेलं, बहुधा पुरतं.

तांबट आळीत अजून भांडी ठोकली जातात, मात्र कल्हईवाल्याची हाक पेठांतून विरळ झाली आहे. त्या भांड्यांवर घरातल्या माणसाचं नाव आणि तारीख घालायची रीत होती. लग्नात आलेलं पातेलं कुणाचं आणि कुठल्या सालचं, हे काठावरच वाचता येई. गाडीच्या सर्व्हिस बुकात तेल कधी बदललं, ब्रेक कधी तपासले याला रकाने असतात. त्यातच आणखी एक रकाना आखता येईल: कुठला भाग, कुठल्या तारखेला, कुठल्या पॅडने आणि कंपाउंडने घासला, आधी आणि नंतर जाडीचा आकडा किती होता. गाडी विकली की पुस्तक तिच्याबरोबर जातं, आणि पुढचा कारागीर मशीन हातात घेण्याआधी ते पान उघडू शकतो.