लिनक्समधील सामायिक आज्ञासंग्रह : परावलंबनाचा इतिहास

लिनक्सच्या सर्व्हरवर एखादी आज्ञावली सुरू करावी आणि अमुक सामायिक फाइल उघडता येत नाही एवढेच सांगून तिने थांबावे, हा प्रकार व्यवस्थापकांच्या परिचयाचा आहे. त्याची गणना सामान्यतः किरकोळ तांत्रिक अडचणींत होते. वस्तुतः त्यामागे दीर्घ इतिहास असून तो ध्यानी घेतल्यावाचून दोषाचे निदानही नीट होत नाही.

वारंवार लागणाऱ्या आज्ञा एकदाच लिहून संग्रही ठेवाव्यात, ही कल्पना केंब्रिज येथे १९४९ साली सुरू झालेल्या एडसॅक या संगणकाइतकी जुनी आहे. तेथील संग्रह कागदी फितींचा होता. हवा तो भाग नव्या आज्ञावलीच्या फितीवर उतरवून घेत. म्हणजे प्रत्येक आज्ञावली आपली शिदोरी आपल्याबरोबर बाळगीत असे. स्मृतीत एकच प्रत ठेवून ती अनेकांनी वापरावी, हा विचार १९६० नंतरच्या दशकात मल्टिक्सने अमलात आणला. युनिक्सच्या परंपरेत सनओएसच्या चौथ्या आवृत्तीने १९८८ साली त्यास व्यवहार्य रूप दिले. जागेची बचत झाली. परंतु आज्ञावली परावलंबी झाली.

१९९१ साली जन्मलेल्या लिनक्समध्ये आरंभी प्रत्येक सामायिक संग्रहासाठी स्मृतीतील पत्ता आधीच राखून ठेवावा लागे. दशकाच्या मध्यास आलेल्या ‘एल्फ’ या फाइल-रचनेने ही अडचण दूर केली. या रचनेत संग्रहाच्या नावाला क्रमांक जोडलेला असतो. जुन्याशी न जुळणारा बदल झाला की हा क्रमांक बदलावा, असा संकेत आहे. त्याची पहिली मोठी कसोटी मूलभूत सी-संग्रहाच्या बाबतीत लागली. पाचव्या क्रमांकाच्या जागी १९९७ साली ग्नू प्रकल्पाचा सहावा आला. रेड हॅटने त्याच वर्षाच्या डिसेंबरात व डेबियनने जुलै १९९८ मध्ये त्याचा स्वीकार केला. दोन्ही संग्रह एका यंत्रावर नांदू शकत. मात्र एकाच आज्ञावलीत ते एकत्र आले की ती कोसळण्याचा धोका असे.

यावरून निदानाची दिशा स्पष्ट होते. संग्रह यंत्रावर मुळातच नाही, आहे पण शोधाच्या मार्गात नाही, किंवा आहे पण वेगळ्या क्रमांकाचा अथवा वेगळ्या जातीच्या प्रोसेसरसाठी घडविलेला आहे, अशी तीन कारणे संभवतात. ‘एलडीडी’ ही आज्ञा कोणता दुवा तुटला ते दाखविते. दुसऱ्या कारणावर ‘एलडी-कॉन्फिग’ने शोधसूची नव्याने रचणे हा उपाय होय. नव्या संग्रहाला जुन्याचे नाव देऊन वेळ मारून नेण्याची युक्ती मात्र घातक ठरते, कारण जो क्रमांक इशारा म्हणून योजिला तोच तिने खोटा पाडला जातो. एप्रिल २०२२ मध्ये उबुंटूने ओपन-एसएसएलची तिसरी आवृत्ती तेवढीच ठेविली, तेव्हा १.१ या क्रमांकाची अपेक्षा करणाऱ्या आज्ञावल्या अडल्या. त्यांवरील खरा उपाय त्या नव्या संग्रहासाठी पुन्हा घडविणे हाच होता.

डीपीकेजी व आरपीएम यांनी परावलंबनाची नोंद ठेविली. परंतु उणीव भरून काढण्याचे काम माणसावरच राहिले. १९९९ साली डेबियन २.१ बरोबर आलेल्या ‘ॲप्ट’ने तेही पुष्कळसे हलके केले. २०१३ पासून डॉकरच्या प्रसाराने आज्ञावली पुन्हा आपली शिदोरी घेऊन निघू लागली, आणि एक प्रकारे एडसॅकची रीत परतली. ही सोय निर्वेध मात्र नाही. एप्रिल २०१४ मध्ये ओपन-एसएसएलमधील हार्टब्लीड हा दोष उघडकीस आला, तेव्हा सामायिक प्रत असलेल्या यंत्रावर एक संग्रह बदलून सेवा पुन्हा सुरू केल्या की तो दूर होई. जेथे प्रत्येकाची प्रत निराळी, तेथे प्रत्येक प्रत शोधून काढणे प्राप्त होते.

सारांश, हरवलेला संग्रह हा केवळ अपघात नव्हे. अनेकांनी एका आधारावर उभे राहावे की प्रत्येकाने आपला आधार वेगळा बाळगावा, या जुन्या वादाची ती खूण आहे. आणि दोन्ही पक्षांची किंमत अखेर सर्व्हर सांभाळणाऱ्यासच मोजावी लागते.