सुटं तांबं

१७६१ साली ब्रिटिश आरमाराने ‘अलार्म’ या ३२ तोफांच्या फ्रिगेटचा तळ तांब्याच्या पातळ पत्र्यांनी मढवला आणि तिला वेस्ट इंडीजला धाडलं. उष्ण समुद्रात तेरेडो नावाचा प्राणी लाकूड पोखरून तळाची चाळण करी. शेवाळ आणि शिंपले चिकटून जहाज मंदावे ते वेगळंच. १७६३ साली तळ तपासला तेव्हा तांब्याखालचं लाकूड शाबूत होतं, पण पत्रे ठोकलेले लोखंडी खिळे ठिकठिकाणी गंजून गेले होते. काही खिळे मात्र धडधाकट होते. पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते तो कागद तिथे तांबं आणि लोखंड यांच्यामध्ये तसाच राहून गेला होता. या कागदाची गोष्ट आरमाराच्या इतिहासात आवर्जून सांगतात आणि ती सांगण्यासारखी आहेच. १७८० च्या आसपास सबंध ताफा मढवला गेला, पाठोपाठ लोखंडी बोल्ट जाऊन तांब्याच्या मिश्रधातूचे बोल्ट आले. पण या धंद्याचं मर्म मला पुढच्या एका फसलेल्या सुधारणेत दिसतं.

खाऱ्या पाण्यात पत्रे झिजत, वारंवार बदलावे लागत, आणि खर्च मोठा होता. १८२४ साली रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्हीने उपाय सुचवला: पत्र्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे छोटे तुकडे जोडा, ते आधी झिजतील आणि तांबं वाचेल. रसायनशास्त्र म्हणून हे अचूक होतं. तांबं खरोखरच झिजेना. पण अशा जहाजांच्या तळावर शेवाळ आणि शिंपल्यांची दाटी झाली आणि काही वर्षांतच आरमाराने तो नाद सोडला. पत्रा शाबूत होता, तरी तळ राखायला तो निकामी ठरला होता. पाण्यात उतरलेला तांब्याचा आयन हाच खरा पहारेकरी, त्यामुळे तांबं झिजणं हीच राखणीची किंमत होती. धातूचं विष त्याच्या वजनावर ठरत नाही, तो कोणत्या रूपात आहे यावर ठरतं, ही गोष्ट गोदीतल्या माणसांना नुकसान सोसून कळली. समुद्रविज्ञानाला ती मोजून दाखवायला आणखी दीडशे वर्षं लागली.

१९६९ साली बार्बर आणि रायथर या समुद्रशास्त्रज्ञांना प्रशांत महासागरात विषुववृत्ताजवळ एक कोडं आढळलं. खोलातून नुकतंच वर आलेलं पाणी पोषक क्षारांनी भरलेलं, तरी त्यात सूक्ष्म वनस्पती नीट वाढत नव्हत्या. त्यात धातू पकडून ठेवणारं सेंद्रिय द्रव्य मिसळलं की वाढ सुधारे; प्राणिप्लवकांचा अर्क घातला तरी सुधारे. पुढच्याच वर्षी स्टीमन नील्सन यांनी सुट्या, म्हणजे कशालाही न बांधलेल्या, तांब्याकडे बोट दाखवलं. १९७६ साली संडा आणि गिलार्ड यांनी प्रयोगशाळेत तांब्याची एकूण मात्रा आणि त्याला बांधणारं द्रव्य दोन्ही बदलून पाहिलं: डायटम या सूक्ष्म वनस्पतीची वाढ एकूण तांब्याप्रमाणे घटत नव्हती, सुट्या आयनाप्रमाणे घटत होती. १९८८ साली कोल आणि ब्रुलँड यांनी उत्तर प्रशांत महासागराच्या वरच्या थरात ९९.७ टक्क्यांहून जास्त तांबं सेंद्रिय रेणूंनी बांधलेलं असल्याचं दाखवलं. खोलात तसे बळकट रेणू कमी, म्हणून तिथलं सुटं तांबं कित्येक पटींनी जास्त. बार्बर-रायथर यांच्या कोड्याशी हे नेमकं जुळतं.

यावर कुणी म्हणेल, समुद्र आपलं विष आपणच बांधून टाकत असेल तर बोटींच्या तळाच्या रंगातून बंदरात उतरणाऱ्या तांब्याची काळजी कशाला? हा आक्षेप पोकळ नाही. सायनेकोकॉकस हा सूक्ष्म जीव तांबं घट्ट पकडणारे रेणू स्वतः बनवतो. सूर्यप्रकाशात असे रेणू तुटले तरी नवे तयार होत राहतात. बरंचसं तांबं कणांना चिकटून तळाच्या गाळात जातं. पण बांधणाऱ्या रेणूंनाही मर्यादा असते. अमेरिकेतल्या केप कॉडच्या, बोटींची गर्दी असलेल्या बंदरांत मॉफेट आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली हेच दाखवलं: तांब्याची आवक रेणूंना पुरून उरली की सुटं तांबं एकदम चढतं, आणि सायनेकोकॉकसची संख्या घसरते. बांधलेलं तांबं म्हणजे संपलेलं तांबं, असंही नाही. गाळात ते साठून राहतं, आणि शेवाळाच्या काही जातींना लोह आत घेण्यासाठी तेच तांबं हवंही असतं. प्रमाण अगदी उतरलं तरी त्या अडतात.

तांब्याच्या रंगांना पर्याय शोधताना आपण आणखी वाईट जागी गेलो होतो. ट्रायब्यूटिलटिन या कथिलाच्या संयुगाच्या रंगांनी फ्रान्समध्ये आर्काशोंच्या उपसागरातली कालवं बिघडवली. १९८२ साली फ्रान्समध्ये लहान बोटींना हे रंग लावण्यावर बंदी आली, आणि २००८ पासून आंतरराष्ट्रीय करारानेच ते बंद झाले. त्यामुळे जहाजं पुन्हा तांब्याकडे वळली. म्हणूनच कुठल्या बंदरात किती तांबं आहे या आकड्यापेक्षा तिथल्या पाण्यात किती सुटं उरतं ते तपासणं मला जास्त निकडीचं वाटतं. अमेरिकेने २००७ साली गोड्या पाण्यातल्या तांब्याची मर्यादा ठरवताना तांबं बांधणारा विरघळलेला सेंद्रिय कार्बन हिशेबात धरला. खाऱ्या पाण्यासाठी तसा मसुदा निघायला २०१६ साल उजाडलं.