पहिल्यांदा ऑपेरा पाहायला जाताना काय माहीत असावे?

सहलीसाठी, शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी युरोपात गेलेले अनेक जण व्हिएन्ना, मिलान किंवा पॅरिसच्या ऑपेरागृहापर्यंत पोहोचतात, इमारतीचे फोटो काढतात आणि परत फिरतात. भाषा कळणार नाही, तिकीट परवडणार नाही, कपडे शोभणार नाहीत आणि चुकीच्या जागी टाळी वाजवली तर हसे होईल, अशा चार शंका त्यांना दारातच अडवतात. यातली एकही शंका आत न जाण्याइतकी मोठी नाही. मात्र थोडी तयारी न करता गेले, तर तीन तास अवघडून बसावे लागते आणि ‘हे आपले काम नव्हे’ असा शिक्का कायमचा बसतो. तो बसू नये यासाठी काय करावे?

ऑपेरा म्हणजे नेमके काय?

ऑपेरा म्हणजे वाद्यवृंदाच्या साथीने, मुख्यतः गाण्यातून सादर होणारे नाटक. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इटलीतील फ्लोरेन्समध्ये काही विद्वान आणि संगीतकारांनी प्राचीन ग्रीक नाटक नव्याने उभे करण्याचा प्रयत्न केला. ग्रीक नटांचे संवाद गायले जात असावेत, या कल्पनेतून हा प्रकार जन्मला. याकोपो पेरीचा ‘एउरिदिचे’ (१६००) हा संपूर्ण संगीतासह उपलब्ध असलेला सर्वांत जुना ऑपेरा. क्लाउदिओ माँतेव्हेर्दीचा ‘ऑर्फेओ’ (१६०७) आजही रंगमंचावर होतो. सुरुवातीला हे खेळ राजवाड्यांत होत. १६३७ मध्ये व्हेनिसमध्ये तिकीट काढून कोणालाही जाता येईल असे पहिले ऑपेरागृह उघडले.

चार शब्द आधी माहीत असले की बरेच सोपे जाते. नाटकाची संहिता म्हणजे लिब्रेटो. पडदा उघडण्यापूर्वी वाद्यवृंद वाजवतो ती ओव्हर्चर. कथा पुढे नेणारे, बोलण्याच्या जवळ जाणारे गायन म्हणजे रेचितातिव्ह. आणि पात्र थांबून मनातले सांगते ते एकट्याचे गाणे म्हणजे आरिया. रेचितातिव्हमध्ये घटना घडते, आरियामध्ये त्या घटनेचा मनावर झालेला परिणाम ऐकू येतो. ‘एवढ्याशा गोष्टीला हा इतका वेळ का गातोय?’ या नवख्या प्रेक्षकाच्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मात्र या दोन्हींमधली सीमा पुसट होत गेली.

संगीत नाटकाशी साम्य किती?

‘संगीत शाकुंतल’पासून (१८८०) चालत आलेल्या मराठी संगीत नाटकात गद्य संवाद आणि पदे असतात. ऑपेरात बहुतेक वेळा संवादही गायले जातात. पण याला अपवाद आहेत. मोत्सार्टच्या ‘द मॅजिक फ्लूट’मध्ये (१७९१) पात्रे मधे मधे साधे बोलतात. बिझेच्या ‘कार्मेन’लाही (१८७५) मूळ रूपात गद्य संवाद होते. मराठी प्रेक्षकाला हा घाट ओळखीचा वाटतो.

दुसरा मोठा फरक मोकळीकीचा आहे. नाट्यपद गाणारा नट रागाच्या चौकटीत आलाप-ताना घेऊन पद फुलवतो, रोज वेगळे गाऊ शकतो. ऑपेराच्या गायकापुढे स्वर लिहिलेले असतात आणि कंडक्टरच्या हाताच्या इशाऱ्यावर साठ-सत्तर वादकांबरोबर त्याला ते अचूक गाठायचे असतात. त्याची कसोटी आवाजाची ताकद, शब्दफेक आणि भाव यांत लागते.

बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिका माहीत असलेल्यांना आणखी एक गंमत कळेल. ऑपेरात उलट परंपरा आहे. मोत्सार्टच्या ‘फिगारोचे लग्न’मधला केरुबिनो हा पोरगेला हुजऱ्या स्त्री-गायिकाच साकारते. पँट घातलेली गायिका दिसली की वेशांतर आहे की खरोखरचा मुलगा, हे कथानक वाचलेले असेल तरच समजते.

पहिल्यांदा कोणता ऑपेरा निवडावा?

हा निर्णय सगळ्यांत महत्त्वाचा. वाग्नरचा ‘ग्योटरडेमरुंग’ संगीताचाच चार तासांहून अधिक आहे. मध्यंतरे धरली तर अख्खी संध्याकाळ जाते. नवख्याने तिथून सुरुवात करू नये. रोसिनीचा ‘द बार्बर ऑफ सेव्हिल’ (१८१६) विनोदी आहे, व्हेर्दीचा ‘ला त्राव्हियाता’ (१८५३) आणि ‘कार्मेन’ यांतल्या चाली जाहिराती-चित्रपटांतून कानावर पडलेल्या असतात. लहान मुले बरोबर असतील तर ‘द मॅजिक फ्लूट’ बरा.

तरीही पहिल्या अनुभवासाठी पुच्चिनीचा ‘ला बोहेम’ अनेकदा सुचवला जातो. १ फेब्रुवारी १८९६ रोजी तोरिनो शहरात, आर्तुरो तोस्कानिनीच्या संचालनाखाली त्याचा पहिला प्रयोग झाला. चार अंकांचे संगीत दोन तासांच्या आत संपते आणि कथा सरळ आहे. पॅरिसच्या एका माळ्यावरच्या खोलीत चार कफल्लक मित्र राहतात. त्यांतल्या रोदोल्फो या कवीकडे शेजारची मिमी विझलेली मेणबत्ती पेटवून घ्यायला येते. अंधारात तिची किल्ली हरवते, शोधताना हाताला हात लागतो आणि दोघे एकमेकांना आपली ओळख गाऊन सांगतात. मिमीला क्षय आहे आणि औषधाला पैसे नाहीत.

शेवटच्या अंकात मिमी कोणाच्याही लक्षात न येता प्राण सोडते. एका मित्राला ते कळते. रोदोल्फो मात्र तिच्या डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून खिडकी झाकत असतो. वाद्यवृंद प्रेक्षकाला ती गेल्याचे आधी सांगतो, रोदोल्फोला ते मागाहून समजते. पहिल्या अंकातले सूर इथे पुन्हा येतात. म्हणूनच जाण्यापूर्वी पहिल्या अंकाचा शेवटचा पाव तास घरी दोन-तीनदा ऐकावा. ओळखीचा सूर परत आला की भाषेची अडचण निम्मी सुटते.

तिकीट महागच असते का?

चांगल्या खुर्च्या महाग असतात, पण प्रत्येक ऑपेरागृहात स्वस्त जागाही असतात. व्हिएन्ना स्टेट ऑपेराचे उदाहरण बोलके आहे. २५ मे १८६९ रोजी मोत्सार्टच्या ‘दोन जोव्हानी’ने ही इमारत सुरू झाली. मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात ती जळाली आणि ५ नोव्हेंबर १९५५ रोजी बेटहोव्हेनच्या ‘फिडेलिओ’ने पुन्हा उघडली. आत सुमारे १७०० खुर्च्या आहेत आणि त्याखेरीज उभे राहून पाहण्याच्या चारशेहून अधिक जागा आहेत. या जागांचे तिकीट खुर्चीच्या तुलनेत अगदी कमी असते. तळमजल्यावरची उभ्याची जागा तर खुर्च्यांच्या मागे, ऐन मधोमध आहे. तिथून रंगमंच समोर दिसतो. जागा धरायला कठड्याला रुमाल किंवा स्कार्फ बांधण्याची जुनी रीत आहे. विद्यार्थी आणि नेहमीचे दर्दी श्रोते इथेच भेटतात. दर आणि विक्रीची वेळ बदलत असते, त्यामुळे ती ऑपेरागृहाच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावी.

स्वस्त खुर्ची घेताना एक पथ्य पाळावे. घोड्याच्या नालासारख्या जुन्या नाट्यगृहांत बाजूच्या बॉक्सच्या मागच्या रांगेतून निम्मा रंगमंच दिसत नाही. तिकिटावर ‘दृश्य मर्यादित’ अशी सूचना असेल तर पहिल्या खेपेला ते टाळावे. सर्वांत वरची मधली गॅलरी त्याहून बरी. तिथे माणसे लहान दिसतात, पण आवाज उत्तम पोहोचतो.

भाषा कळत नसेल तर?

ऑपेरा बहुधा मूळ भाषेत, म्हणजे इटालियन, जर्मन, फ्रेंच किंवा रशियनमध्ये गातात. जर्मनीतला प्रेक्षकही इटालियन ऑपेरा पाहताना भाषांतरावरच अवलंबून असतो. १९८३ मध्ये टोरोंटोच्या कॅनेडियन ऑपेरा कंपनीने ‘एलेक्ट्रा’च्या वेळी रंगमंचाच्या वर भाषांतराच्या ओळी दाखवल्या आणि ही पद्धत जगभर पसरली. व्हिएन्नात प्रत्येकापुढे छोटा पडदा असतो आणि त्यावर भाषा निवडता येते. इंग्रजी त्यात असतेच.

तरीही कथा आधी वाचून जावी. शेवट कळला तर मजा जाईल, ही भीती इथे लागू नाही. रामायण पाहताना शेवट कोणाला माहीत नसतो? पुढे काय होणार हे ठाऊक असले की नजर पडद्यावरच्या ओळींवरून उठते आणि गाणाऱ्याकडे जाते.

माईक नसताना आवाज पोहोचतो कसा?

ऑपेराचा गाभा इथे आहे. गायक ध्वनिवर्धकाशिवाय गातात. वाद्यवृंद रंगमंचापुढच्या खोलगट जागेत बसतो, तिला पिट म्हणतात. त्या वाद्यांच्या भिंतीवरून आवाज हजार-दोन हजार लोकांपर्यंत न्यायचा असतो. यामागे निव्वळ जोर नसतो. वाद्यवृंदाची ध्वनिऊर्जा ५०० हर्ट्झच्या आसपास सर्वाधिक असते आणि वर कमी होत जाते. तालीम झालेला गायक, विशेषतः पुरुष गायक, घशाच्या रचनेवर ताबा मिळवून ३००० हर्ट्झच्या आसपासची ऊर्जा वाढवतो. त्या पट्ट्यात वाद्ये क्षीण असतात आणि माणसाचा कान तीक्ष्ण असतो. त्यामुळे आवाज वाद्यांतून वाट काढतो.

स्त्रियांचे आवाज उंचीनुसार सोप्रानो, मेझो-सोप्रानो, काँट्राल्टो आणि पुरुषांचे टेनर, बॅरिटोन, बास असे ओळखले जातात. ढोबळ मानाने नायिका सोप्रानो, नायक टेनर आणि त्यांच्या आड येणारा बॅरिटोन किंवा बास असतो.

कपडे आणि वेळ

नीटनेटके कपडे पुरेत. सदरा-पँट आणि बूट, साडी किंवा सलवार-कमीज कुठेही चालते. टाय सक्तीचा नसतो. सूट-गाऊनचा थाट हंगामाच्या उद्घाटनाला किंवा पहिल्या प्रयोगाला दिसतो, उदाहरणार्थ मिलानच्या ला स्कालात दर ७ डिसेंबरला. मात्र हाफ पँट, बिनबाह्यांचे बनियन आणि चपला ला स्कालात चालत नाहीत. जाड कोट आणि मोठ्या पिशव्या बाहेरच्या कपडेघरात ठेवाव्या लागतात.

वेळेला मात्र सवलत नाही. दिवे मालवल्यावर उशिरा आलेल्याला योग्य खंड पडेपर्यंत, अनेकदा मध्यंतरापर्यंत, बाहेर थांबावे लागते. रिचर्ड श्ट्राउसच्या ‘सालोमे’ला तर मध्यंतरच नाही. तिथे उशीर म्हणजे तिकीट वाया. अर्धा तास आधी पोहोचावे, फोन पूर्ण बंद करावा. अंधारात त्याचा उजेडही शेजाऱ्याला खुपतो.

टाळी केव्हा वाजवावी?

आपल्या मैफलीत जागा सुंदर लागली की ‘वा!’ आपोआप निघते आणि गवयालाही ती हवी असते. ऑपेरात गाणे चालू असताना आवाज करायचा नसतो. दाद आरिया संपल्यावर आणि अंकाच्या शेवटी द्यायची. शंका आली तर इतरांनी सुरुवात करेपर्यंत थांबावे. पुरुष गायकाला ‘ब्राव्हो’, स्त्रीला ‘ब्राव्हा’ आणि सगळ्यांना मिळून ‘ब्राव्ही’ म्हणतात.

मराठी रंगभूमीवरच्या ‘वन्स मोअर’ला इथे ‘बिस’ म्हणतात, पण तो दुर्मिळ. ला स्कालात १९३३ नंतर एकट्या गायकाचा पहिला वन्स मोअर थेट २००७ मध्ये, हुआन दिएगो फ्लोरेस या टेनरने दिला. नापसंतीही तितकीच उघड असते. डिसेंबर २००६ मध्ये त्याच रंगमंचावर ‘आइदा’तल्या पहिल्याच आरियानंतर गॅलरीतून हुर्यो झाली आणि रोबेर्तो आलान्या हा नामवंत टेनर निघून गेला. बदली गायक अंतोनेल्लो पालोम्बी साध्या कपड्यांतच रंगमंचावर आला आणि प्रयोग पुढे चालला. गायक समोर उभा राहून, माईकविना, त्या क्षणी गात असतो. साधले तर साधले, चुकले तर सर्वांदेखत.

कंटाळा आला तर?

येऊ शकतो. सगळे एकाच वेळी पकडण्याचा प्रयत्न करू नये. एका अंकात फक्त गाणारे पाहावेत, दुसऱ्यात वाद्यवृंद ऐकावा. मध्यंतरात पुढच्या अंकाचा सारांश वाचावा, पाय मोकळे करावेत. मध्यंतरात निघून जाणे हा गुन्हा नाही. अंक चालू असताना रांगेतून उठणे मात्र टाळावे.

मुंबईत सोय आहे का?

गिरगावातले रॉयल ऑपेरा हाऊस १९११ मध्ये पंचम जॉर्ज यांच्या हस्ते उघडले. पुढे तिथे बालगंधर्व, दीनानाथ मंगेशकर यांच्यासारखे कलावंत गायले, नंतर ते सिनेमागृह झाले आणि १९९३ मध्ये बंद पडले. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पुन्हा सुरू झाले तेव्हा मुंबईत जन्मलेल्या सोप्रानो पॅट्रिशिया रोझारिओ तिथे गायल्या. पूर्ण ऑपेराचे प्रयोग शहरात क्वचित होतात. मात्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे चित्रित प्रयोग नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये दाखवले गेले आहेत. कथा, आवाजांचे प्रकार आणि टाळीची जागा समजून घ्यायला ते उपयोगी पडतात. माईकशिवायचा आवाज अंगावर येतो तो अनुभव मात्र पडद्यावर मिळत नाही. त्यासाठी, पुढच्या वेळी ऑपेरागृहासमोर फोटो काढून झाला की तिकीट खिडकीपर्यंत जाऊन उभ्याची जागा शिल्लक आहे का, एवढे विचारावे.