क्लोव्हर क्लब : एका गुलाबी पेल्याची कुळकथा

जिन, लिंबाचा रस, रास्पबेरीचा पाक आणि अंड्याचा पांढरा भाग. एवढ्या चार जिनसांवर उभं असलेलं 'क्लोव्हर क्लब' हे कॉकटेल अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराचं. १८८२ मध्ये तिथे याच नावाची एक मंडळी जमली. क्लोव्हर म्हणजे मेथीच्याच कुळातला, तीन पानांचा चारा. त्याचं चार पानांचं डहाळं सापडणं शुभ मानतात. वकील, पत्रकार, पेढीवाले असे शहरातले बडे लोक या क्लबात होते. ते बेलव्ह्यू हॉटेलात जेवायला जमत. पाहुणा कितीही मोठा असो, तो बोलायला उभा राहिला की त्याची मधेच फिरकी घ्यायची, हा इथला रिवाज. या हॉटेलाचे चालक जॉर्ज बोल्ट न्यूयॉर्कचं वॉल्डॉर्फ-अस्टोरियाही सांभाळत. १९०४ मध्ये त्यांनी फिलाडेल्फियात भव्य बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड उघडलं आणि क्लबाच्या पंगती तिथे बसू लागल्या. मंडळींचं नाव पेयाला मिळालं ते याच सुमारास.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत ही कृती बारटेंडरांच्या पुस्तकांत दिसू लागते. १९१७ मध्ये सेंट लुईसच्या टॉम बुलक यांनी 'द आयडियल बारटेंडर' छापलं. कॉकटेलचं पुस्तक प्रसिद्ध करणारे ते पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन लेखक. त्यातही क्लोव्हर क्लब आहे, आणि त्यांच्या कृतीत फ्रेंच व्हर्मूथही (वनस्पतींचा स्वाद दिलेली वाइन) पडते. वर पुदिन्याची डहाळी आली की त्याच पेयाला 'क्लोव्हर लीफ' म्हणत.

या पेयाचा जीव रास्पबेरीच्या पाकात आहे. ताजी फळं साखरेत चुरून ठेवली की त्यांना आपोआप रस सुटतो. तो जेमतेम कोमट करायचा आणि बारीक गाळणीतून गाळायचा, बिया वर राहतात. उकळी फुटू दिली तर फळाचा वास उडतो आणि मुरंब्याची चव उरते. मग शेकरमध्ये ४५ मिली जिन, १५ मिली पाक, १५ मिली लिंबाचा रस आणि अंड्याचा थोडा पांढरा भाग घ्यायचा. आधी बर्फ न घालता जोरात हलवायचं. अंड्यातली प्रथिनं उलगडतात, हवेचे बुडबुडे धरून ठेवतात; लिंबाच्या आंबटपणानं तो फेस टिकतो. नंतर बर्फ घालून पुन्हा हलवायचं आणि गाळून ओतायचं. खाली गुलाबी पेय, वर बोटभर सायीसारखा पांढरा फेस. पहिल्या घोटाला आधी फेसाचा मऊपणा लागतो, मग फळ, मग लिंबू, आणि शेवटी जिनमधल्या ज्युनिपरचा कडसर गंध.

१९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळानं अमेरिकेतले जाणते बारटेंडर पांगवले. बंदी उठली तेव्हा हे पेय जुनाट ठरलं होतं. १९३४ मध्ये 'एस्क्वायर' मासिकानं त्याला दशकातल्या वाईट पेयांच्या यादीत बसवलं. एके काळी ज्याच्याभोवती शहरातले धनदांडगे पुरुष बसत, ते पेय आता केवळ रंगावरून बायकी म्हणून हिणवलं जाऊ लागलं. पण खरा घाव बाटलीतून आला. ताज्या पाकाच्या जागी ग्रेनेडिन आलं. ते मुळात डाळिंबाचं, पण बाजारात मिळे ते बहुतेक साखर आणि रंग. फळ गेलं आणि गोडमिट्ट गुलाबी पाणी उरलं. पुढे कच्च्या अंड्याची धास्तीही वाढली. पुनर्जन्म झाला तो जुनी पुस्तकं उघडून ताजी फळं वापरणाऱ्या बारटेंडरांमुळे. त्यांच्यातल्याच ज्युली रायनर यांनी २००८ मध्ये ब्रुकलिनमध्ये बार काढला, त्याला नावच क्लोव्हर क्लब दिलं.

आपल्याकडे महाबळेश्वर-पाचगणीच्या थंड हवेत रास्पबेरी पिकते आणि गोव्यात आता चांगली जिन बनते. लिंबू मात्र आपलं कागदी. तिकडच्या लिंबापेक्षा त्याची धार वेगळी, म्हणून रस बेतानं घालून चाखत जावं. अंडं ताजं असावं. आणि पाक घरीच करावा, कारण हे पेय एकदा बुडालं ते फळाला पर्याय शोधल्यामुळे. जिन कितीही उंची आणली, तरी खोटा पाक ती सावरू शकत नाही.