वाझ, जोसेफ
(२१ एप्रिल १६५१–१६ जानेवारी १७११). गोमंतकातील रोमन कॅथलिक धर्मगुरू, गोव्याच्या ऑरेटोरियन संघाचे प्रमुख व श्रीलंकेतील (पूर्वीचे सिलोन) कॅथलिक पंथाचे पुनरुज्जीवक. त्यांचा जन्म बाणावली येथे आजोळी, कोकणी भाषक ब्राह्मण ख्रिस्ती कुटुंबात झाला. वडिलांचे गाव सांकवाळ. जुने गोवे येथील जेझुइटांच्या सेंट पॉल महाविद्यालयात व डोमिनिकनांच्या अकादमीत त्यांचे शिक्षण झाले. १६७६ मध्ये त्यांनी धर्मगुरुपदाची दीक्षा घेतली. पुढे १६८१–८४ या काळात त्यांनी कानडा प्रांतात मंगळूरच्या परिसरात धर्मकार्य केले.

पोर्तुगीज अमदानीत एतद्देशीयांना धर्मगुरू होता येई. परंतु यूरोपीय धर्मसंघांची दारे त्यांना सामान्यतः बंद असत. या भेदामुळे काही गोमंतकीय धर्मगुरूंनी १६८२ मध्ये जुने गोवे येथे एकत्र राहण्यास प्रारंभ केला होता. वाझ १६८५ मध्ये त्यांना येऊन मिळाले व लवकरच त्यांचे प्रमुख म्हणून निवडले गेले. रोममध्ये संत फिलिप नेरी यांनी स्थापिलेल्या ऑरेटरीच्या धर्तीवर त्यांनी या समूहास नियमबद्ध रूप दिले. सभासदांनी सामूहिक जीवन जगावे, मात्र संन्यस्त संघांप्रमाणे व्रतबद्ध होऊ नये, अशी ही पद्धती होती. भेदभावातून जन्मलेल्या या संघातही प्रवेश दीर्घकाळ प्रामुख्याने ब्राह्मण ख्रिस्ती कुळांपुरताच राहिला, ही त्याची मर्यादा होय.

१६५८ मध्ये डचांनी सिलोनमधील उरलीसुरली पोर्तुगीज सत्ता संपुष्टात आणली. कॅल्व्हिन पंथीय डचांनी कॅथलिक धर्मगुरूंना हद्दपार केले व त्यांना आश्रय देणाऱ्यांस मृत्युदंडाची धमकी दिली. तेथील कॅथलिकांना सुमारे तीस वर्षे कायमचा धर्मगुरू लाभला नाही. त्यांच्यासाठी वाझ यांनी प्रमुखपद सोडले आणि १६८७ मध्ये मजुराच्या वेषात तुतिकोरिनमार्गे ते जाफना येथे पोहोचले. गळ्यात जपमाळ घालून ते दारोदार भिक्षा मागत. तिच्याकडे पाहून ज्यांचा चेहरा उजळे ते कॅथलिक, अशी त्यांची शोधाची रीत होती. धर्मविधी रात्री गुप्तपणे उरकावे लागत.

१६९२ मध्ये ते बेटाच्या अंतर्भागातील कँडीच्या स्वतंत्र बौद्ध राज्यात गेले. पोर्तुगीजांचे हेर समजून त्यांना प्रथम कैदेत टाकण्यात आले, तथापि पुढे राजा दुसरा विमलधर्मसूर्य (कार. १६८७–१७०७) याची त्यांच्यावर मर्जी बसली. त्यांच्या प्रार्थनेमुळे अवर्षण संपले, अशी परंपरागत कथा आहे. १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ पसरली. आप्तांनी टाकून दिलेल्या रोग्यांची वाझ यांनी जुझे कार्व्हाल्यू या सहकाऱ्यासह शुश्रूषा केली आणि मृतांना मूठमाती दिली. या सेवेमुळे त्यांचा राज्यात लौकिक वाढला. अशा रीतीने प्रॉटेस्टंट डचांनी बंदी घातलेल्या कॅथलिक पंथास बौद्ध राजाच्या छत्राखाली आश्रय मिळाला.

याच सुमारास गोव्याहून ऑरेटोरियन धर्मगुरू मदतीस येऊ लागले. त्यांतील जाकोम गोन्साल्विस (आगमन १७०५) यांनी सिंहली व तमिळ भाषांत विपुल ग्रंथरचना केली. लोकांच्या भाषेतून शिकवण व स्थानिक गृहस्थांवर सोपविलेली गावोगावची व्यवस्था, ही या कार्याची वैशिष्ट्ये होत. वाझ यांना बिशपपद देण्याचा विचार झाला असता त्यांनी नकार दिला. कँडी येथेच त्यांचे निधन झाले.

पोर्तुगालने १८३४ मध्ये धर्मसंघ बरखास्त करण्याचे फर्मान काढल्यावर गोव्याचा ऑरेटोरियन संघ लयास गेला. मात्र श्रीलंकेतील कॅथलिक समाज टिकून राहिला. राजसत्तेच्या पाठबळावर वाढलेला पंथ ती सत्ता जाताच कोलमडतो, असा अनुभव असताना वाझ यांनी तो राजसत्तेविना उभा केला, यात त्यांच्या कार्याचे ऐतिहासिक महत्त्व आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २१ जानेवारी १९९५ रोजी कोलंबो येथे त्यांना ‘धन्य’ घोषित केले. पोप फ्रान्सिस यांनी १४ जानेवारी २०१५ रोजी तेथेच त्यांना संतपद दिले.