हातातली बॅटरी आणि तिचा उजेड

खेड्यात टॉर्चला कोणी टॉर्च म्हणत नाही; बॅटरीच म्हणतात. आत घालायचे ते सेल. पुस्तकात ‘विजेरी’ असा शब्द आहे, आणि तो चांगलाही आहे; पण दुकानात जाऊन विजेरी मागितलीत तर दुकानदार दोनदा तोंडाकडे पाहील. तेव्हा मीही आज बॅटरीच म्हणणार आहे.

हा विषय सुचायला कारण आमच्या घरातच घडले. आमचे एक चुलते शेती करतात. शेतीपंपाची वीज कधी दिवसा, कधी रात्री, अशा पाळीने येते, हे तुम्हांला सांगायला नको. मुलाने त्यांना हौसेने चार्जिंगची मोठी बॅटरी आणून दिली होती. तिचा झोत थेट पलीकडच्या टेकडीवर पडायचा. शेजारीपाजारी बघायला आले. एका पावसाळी रात्री मोटर चालू करून ते परतत होते आणि बांधावरच बॅटरी विझली. मिणमिणली नाही, पिवळी पडली नाही, एकदम काळोख. आधीचे दोन दिवस गावात लाइट नव्हती, ती पुरती चार्ज झालेली नव्हती. वीस पावले राहिली असतील, तेवढ्यात पायाखाली घोणस आली. सरकारी दवाखान्यात लस वेळेवर मिळाली, जीव वाचला. पायाची दोन बोटे मात्र गेली. देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतली बहुतेक खेड्यांतली, आणि निम्मी पावसाळ्यातली.

मी इतिहासाचा मास्तर. दवाखान्यात बाकावर बसल्या बसल्या मनात आले, की हे यंत्र मुळात कशासाठी जन्मले, आणि वाटेत त्याचे काय झाले?

आधी सेलची गोष्ट. १८६६ साली जॉर्ज लेक्लांशे या फ्रेंच गृहस्थाने जस्त, मँगनीजची काळी भुकटी आणि नवसागराचे पाणी यांपासून विजेचा घट केला. नवसागर म्हणजे आपला कल्हईवाला तापल्या भांड्यावर टाकतो तोच. घट चांगला, पण तो पाण्याचा. आडवा केला की सांडणार. १८८६ साली जर्मनीत कार्ल गॅसनर नावाच्या डॉक्टराने त्या पाण्याची प्लॅस्टर घालून लापशी केली आणि ती जस्ताच्याच डब्यात भरून बंद केली. हा कोरडा सेल. त्यामुळे वीज खिशात घालून हिंडता येऊ लागली. जुने सेल फुगून पांढरे पाणी सुटते ते का, हे विद्यार्थ्यांना दाखवायचे असेल तर हेच सांगावे: सेलचा डबा हाच त्याचे जळण असतो, वापरता वापरता डबाच झिजतो.

१० जानेवारी १८९९ रोजी डेव्हिड मिसेल याला अमेरिकेत हातातल्या विजेच्या दिव्याचे पेटंट मिळाले. कागदाची नळी, आत एकामागे एक सेल, टोकाला बल्ब आणि उजेड परतवणारी पितळेची वाटी. रशियातून आलेल्या कॉनरॅड ह्यूबर्ट याच्या कंपनीने तो बाजारात आणला आणि न्यूयॉर्कच्या काही पोलिसांना वापरून पाहायला दिला. अमेरिकन लोक त्याला ‘फ्लॅशलाइट’ म्हणू लागले. फ्लॅश म्हणजे क्षणभर चमकणे. त्या वेळचे सेल दुबळे, बल्बची तार कोळशाची. सतत लावून ठेवला तर दिवा लगेच मंदावायचा. म्हणून दाबायचे, पाहायचे आणि सोडायचे. नाव पडले ते गुणावरून नव्हे, तर उणिवेवरून! १९१० च्या सुमारास टंगस्टनची तार आली आणि दिवा खऱ्या अर्थाने तेवू लागला.

आणि मग जोराची शर्यत लागली. दोन सेलची, तीन सेलची, पाच सेलची. आपल्याकडे हे सेल घरोघर गेले ते १९३४ साली कलकत्त्यात एव्हरेडी कंपनी स्थापन झाल्यानंतरच्या काळात. माझ्या आजोबांची पितळी बॅटरी तीन सेलची होती. मागच्या झाकणात एक जादा बल्ब ठेवलेला. सेल उतरले की आजी ते उन्हात ठेवायची, आणि ते थोडे जिवंत व्हायचेही; कारण उबेने आतली रासायनिक क्रिया जरा वेग धरते. नुसती विश्रांती दिली तरी हे सेल थोडे सावरतात. त्या बॅटरीचा एक गुण तेव्हा आम्हांला दोष वाटायचा: मरण्यापूर्वी ती पिवळी पडे, मग तांबडी होई. म्हणजे घरी परतायला सवड देई.

आता १ सप्टेंबर १९३९ या दिवसाकडे चला. विमानांना गावे दिसू नयेत म्हणून ब्रिटनमध्ये त्या दिवसापासून रात्रीचे दिवे बंद झाले. पहिल्याच महिन्यात रस्त्यावरचे मृत्यू आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यापेक्षा जवळजवळ दुप्पट झाले. बॉम्ब पडायच्या आधीच माणसे मोटारींखाली मेली. तेव्हा पायी जाणाऱ्यांना बॅटरीची मोकळीक मिळाली, पण अट अशी की काचेवर पातळ पांढऱ्या कागदाचे दोन पदर लावायचे आणि उजेड जमिनीकडेच ठेवायचा. सेलची इतकी टंचाई झाली की दुकानापुढे रांगा लागल्या. लंडनसारख्या शहरात माणसे वर्षानुवर्षे त्या कागदाआडच्या उजेडात चालली. जर्मनीच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये तर सेलही मिळेनात. तिथे फिलिप्सने मुठीने दाबत राहायची बॅटरी काढली. ती घुरघुरायची, म्हणून लोक तिला ‘दाबायचे मांजर’ म्हणत. उजेड बेताचाच, पण हात चालतो तोवर दिवा चालतो.

त्या उजेडात चालता आले, याचे कारण डोळ्यात आहे. काळोखात डोळा पुरता तयार व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात. एकदा प्रखर झोत टाकलात की ती तयारी मोडते, आणि झोताबाहेरचे सारे आणखीच काळे दिसते. शिवाय डोळ्याचा हिशेब सरळ नसतो. उजेड दसपट केला तरी डोळ्याला तो जेमतेम दुपटीएवढा वाटतो. सेलला मात्र दसपट किंमत मोजावी लागते.

१९९३ साली जपानमध्ये शूजी नाकामुरा यांनी प्रखर निळा एलईडी सिद्ध केला आणि त्यातून पांढरा एलईडी निघाला. या शोधाबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तेवढ्याच विजेत हा दिवा जुन्या बल्बच्या सुमारे दसपट उजेड देतो. म्हणजे दोन वाटा खुल्या झाल्या: पूर्वीइतकेच तास आणि दसपट उजेड, नाहीतर पूर्वीइतकाच उजेड आणि दसपट तास. दुकानदारीने पहिली वाट धरली. तिला नाव ठेवण्यात अर्थ नाही. झोत दुकानात दाखवता येतो, तास दाखवता येत नाहीत.

दुसऱ्या वाटेचा हिशेब पाटीवर मांडता येण्याजोगा आहे. उजेड लुमेनमध्ये मोजतात. मेणबत्तीचा सगळीकडे मिळून साधारण १२ लुमेन असतो. पायापुढे नीट पसरलेला ५ लुमेनचा उजेड पायवाटेला पुरतो. त्याला विजेचा खर्च वॅटचा सुमारे विसावा भाग. चांगल्या अल्कलाइन पेन्सिल सेलमध्ये तीनएक वॅट-तास वीज असते. तीनला विसाने गुणा: ६० तास. वाटेतली गळती धरून ४० म्हणा. रोज अर्धा तास लावली तर एका सेलवर अडीच महिने! रानडुकरे राखायची असतील तर लांब झोत हवाच, त्यासाठी मोठी बॅटरी वेगळी ठेवावी. मोबाइलच्या दिव्यावर मात्र शेताला जाऊ नये. तो संपला की हाक मारायचे साधनही संपते.

चुलत्यांसाठी बॅटरी घ्यायला यंदा मीच गेलो. दुकानदाराने सवयीने समोरच्या भिंतीवर झोत टाकून दाखवला. मी विचारले, वाण्याकडे मिळणारा साधा सेल चालतो का, बटण एकच आहे का, पहिल्या दाबाला मंद दिवाच लागतो का, आणि त्या दिव्यावर किती तास. त्याने पुठ्ठा उलटून पाहिला. तास तिथे बारीक अक्षरात होते. मग त्याच्या मागच्या काळोख्या खोलीत जाऊन मी ती कमरेशी धरली आणि जमिनीवरचे खोके, दोरी, चपला दिसतात का ते पाहिले. दोरी दिसली.

ती आता त्यांच्या दाराशी खिळ्याला टांगलेली असते, काठीच्या शेजारी. पहिल्या दिवशी ते म्हणाले, “काय रे, हा काजवा आणलास?” नाव तेच पडले आहे. संध्याकाळ झाली की सुनेला हाक मारतात, “काजवा जागेवर आहे का गं?”